बागेत चालेल अशी गाडी

आमच्या मोसंबीच्या बागेत बैलगाडी शिरेनाशी झाली, तिथून गाडीचा विषय निघाला. रोपं लावली तेव्हा मी आणि माझे मालक दोघांनी दोरी धरून ओळी आखल्या होत्या. रोपं गुडघ्याएवढी, मधली जागा उगाच ओस टाकल्यासारखी दिसायची, म्हणून आम्ही अंतर जरा कमीच धरलं. पुढं मालक गेले, झाडं वाढली, फांद्या एकमेकींत शिरल्या. बैल आत घातले की जू फांद्यांत अडकायचं आणि शिंगाच्या फटक्यानं फळ गळायचं. मग शेणखत असो, विहिरीचा गाळ असो नाहीतर उतरवलेली मोसंबी असो, सगळं बायकांच्या डोक्यावरून न्यायचं.

देवळाली प्रवऱ्याच्या शिवारात आमची वस्ती. पुढं अंगण, बाजूला गोठा, गोठ्यामागं उकिरडा आणि त्याच्या पलीकडं लगेच बाग. घरात माझे दोन मुलगे, थोरला रंगनाथ आणि धाकटा सहादेव. थोरल्याची बायको चांगुणा, धाकट्याची मालन. पाट्या वाहायचं काम या दोघी सुनांचं. माझी कंबर धरल्यापासून मला वाकून काही उचलता येत नव्हतं. मी उकिरड्याच्या कडेला बसून खताची ढेकळं फोडायची आणि बसल्या बसल्याच पाट्या भरून द्यायची.

मोठा दुष्काळ पडायच्या आधीचा हिवाळा होता. आंबे बहार धरायचा म्हणून बागेचं पाणी तोडलं होतं. मोसंबीला असं तहानलेलं ठेवायचं, मग खत घालून पाणी द्यायचं, की झाड एकदम फुलावर येतं. पाटाला पाणी कधी सुटणार ते पाटकरी सांगून गेला होता. त्याच्या आत प्रत्येक झाडाच्या आळ्यात खत पडायला हवं होतं. पाटाचं पाणी कोणासाठी थांबत नाही. मुलगे आळी खांदत होते, सुना पाट्या वाहत होत्या.

अशात एका सकाळी मालनच्या हातून पाण्याचा तांब्या पडला. मला वाटलं, हात ओला असेल. पण भाकरी थापताना पाहिलं, तर उजव्या हाताची दोन बोटं ती वापरतच नव्हती. विचारलं तेव्हा म्हणाली, मुंग्या येतात, मानेपासून खाली येतात. सहादेवानं तिला राहुरीला डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं मान दाबून पाहिली, बोटांना टाचणी टोचून पाहिली आणि सांगितलं की डोक्यावरचं ओझं बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल. घरी आल्यावर मालननं मला आणि सहादेवाला बजावलं, मान दुखते एवढंच सांगायचं, बोटांचं कोणाला कळू द्यायचं नाही. कोणाला म्हणजे चांगुणाला, हे मला कळलं.

मी तिला म्हणाले की चार दिवस बसून राहा, तिनं मान हलवून नाही म्हटलं. मान हलवतानाही तिचा चेहरा आखडला.

"बसले तर बाई म्हनतील, कामाच्या वक्ताला सोंग घेतलं," ती म्हणाली. थोरल्या जावेला ती बाई म्हणायची. "माज्या वाट्याच्या पाट्या त्यांनी वाहिलेल्या मला न्हाई चालायच्या."

आणि ती पुन्हा चुंबळ डोक्यावर ठेवून उभी राहिली.

त्या दिवशी जेवताना मुलग्यांचं वाजलं. रंगनाथनं साखर कारखान्याच्या आवारात एकचाकी ढकलगाडी पाहिली होती. त्याचं म्हणणं, एका चाकाला पायवाट पुरते, तीच आणू. सहादेव म्हणाला, एका चाकावर तोल कोण सांभाळणार, आपल्या घरात काय सर्कस आहे. त्याला दोन चाकांची हातगाडी हवी होती. रंगनाथ म्हणाला, तुझी दोनचाकी आळी मोडत जाईल आणि तू तिच्या मागून खांदत जा. शेवटी दोघं माझ्याकडं वळले. बाग आम्ही नवरा-बायकोनं लावलेली, त्यामुळं बागेत काय आणायचं ते मला विचारल्याशिवाय ठरत नसे. बाजाराच्या दिवशी चांदभाईकडं जाऊन बघून येते, असं मी सांगितलं.

खरं तर बघायला जायची गरज नव्हती. बागेतली वाट केवढी आहे ते माझ्या पायांना ठाऊक होतं. पण माझ्या मनात दुसरंच चाललं होतं, आणि ते मुलग्यांना सांगण्यासारखं नव्हतं.

त्या दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. वर्ष उलटून गेलं होतं. मालनच्या माहेराहून आलेली एक गाय होती. हायब्रीड ज्वारी कापली की मागं राहिलेल्या बुडख्यांना कोवळे कोंब फुटतात. ते रिकाम्या पोटी खाल्ले तर जनावराला विषबाधा होते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. त्या दिवशी गुरांकडं चांगुणा होती. गाय त्या कोंबांत शिरली आणि अंगण गाठायच्या आत पडली. मालन धावत आली आणि चार शेजारी जमलेले असताना म्हणाली की जाणून सोडली. चांगुणानं उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून ती मालनशी बोललीच नाही. मालननं मधे एक-दोनदा बोलून पाहिलं, मग तिनंही सोडून दिलं. एका चुलीवर दोघी स्वयंपाक करायच्या. एकीनं पीठ मळलं की दुसरी थापायला बसायची, आणि तोंडातून शब्द नाही. मीठ हवं असलं तर मला विचारायच्या, आत्या, मीठ कुठं आहे. मीठ दोघींच्या मधेच असायचं.

फक्त एका जागी त्यांना बोलावं लागे. भरलेली पाटी एकट्या बाईला डोक्यावर घेता येत नाही, समोर दुसरी लागते. दोघी वाकतात, दोन्हीकडून पाटीचा काठ धरतात, एका दमात वर नेतात आणि जिची पाटी तिच्या चुंबळीवर टेकवतात. आमच्याकडची रीत अशी की हात लाव म्हटल्यावर नाही म्हणायचं नाही. वाटेनं जाणारी अनोळखी बाई असो, बांधावरून कोर्टात गेलेल्या भावकीतली असो, ती आपलं सरपण खाली टाकते, हात लावते आणि आपल्या वाटेनं जाते. त्यामुळं चांगुणाला म्हणावंच लागे, "लाव हात." मालनला म्हणावं लागे, "बाई, हात लावा." पाटी वर जाताना दोघींची तोंडं वीतभर अंतरावर यायची. एकदा पाटी टेकल्यावर मालनचा पदर डोळ्यांवर आला. तिचे दोन्ही हात वर गुंतलेले. चांगुणानं तो पदर बोटानं मागं सारला आणि आपल्या पाटीकडं वळली.

मी ढेकळं फोडत हे दिवसभर ऐकायची. लाव हात. हात लावा. माझ्या मनानं घेतलं होतं की आमच्या घराचं आढं याच दोन शब्दांवर तोललेलं आहे. एकचाकी आली की एकटी बाई भरणार, एकटी नेणार, एकटी ओतणार. मग या दोघींना एकमेकींकडं बघायचंही कारण उरणार नाही. पुढं काय होतं ते मी पुष्कळ वस्त्यांवर पाहिलं होतं. आधी चूल वेगळी होते, मग गोठ्यात भिंत येते, मग बागेत मोजणीची साखळी येते. आमच्या बागेत ती साखळी फिरलेली मला पाहायची नव्हती.

चांदभाईचं दुकान एसटीच्या थांब्यामागं होतं. त्याच्या बापानं टांग्यांची चाकं भरण्यात जन्म काढला. टांगे कमी झाले तसा चांदभाई लोखंडाकडं वळला. फाटकं, हातगाड्या, ढकलगाड्या असं काहीबाही करायचा. मला तो मावशी म्हणायचा. त्यानं दोन्ही गाड्या बाहेर ओढून माझ्यासमोर उभ्या केल्या. एकचाकी म्हणजे पत्र्याची मोठी परात असावी तशी, पुढं एक चाक, मागं टेकायला दोन पाय आणि धरायला दोन लांब दांड्या. दोनचाकीला फळ्यांचा पेटारा, दोन्ही बाजूंना थोराड चाकं आणि पुढं ओढायला आडवी दांडी.

न्यायचं काय, जायचं कुठून आणि ओढणार कोण, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, खत, बागेतून, सुना. मग त्यानं दोन्हींचे गुणदोष सांगितले. एकचाकीत भार चाकावर जातो आणि थोडा हातांवर येतो. पाऊल मावेल तिथून ती निघते. पण जास्त भरली की कलते, आणि दांड्या घट्ट धरून ठेवाव्या लागतात. दोनचाकी कलत नाही, मालही जास्त घेते. पण भुसभुशीत रानात ती एका माणसाला हलत नाही, पुढं एक आणि मागं एक लागतो. एवढं सांगून त्यानं विचारलं, दोन आळ्यांच्या मधली वाट केवढी. मी हात पसरून दाखवले. जरा जास्तच पसरले.

चांदभाई माझ्या हातांकडं बघत राहिला.

"मावशी, तुमच्या बागंत मी मोसंबी खायाला आल्तो," तो म्हणाला. "एवडी वाट मला तर दिसली न्हाई. ही दोनचाकी पेठंत केळी इकायला बरी. बागंत रडवील तुमाला."

"रडवू दे. हिला दोन मानसं लागत्यात ना?"

"लागत्यात की."

"मग हीच दे."

गिऱ्हाईक गाडीतली खोट बघून गाडी घेतंय, असं त्याच्या दुकानात पहिल्यांदाच झालं असावं. त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारली आणि म्हणाला, परत आणायची वेळ आली तर खत धुऊन आणा, एवढंच माझं मागणं.

गाडी घरी आल्यावर सहादेव खूश झाला. रंगनाथनं चाकांचं अंतर पावलांनी मोजलं आणि माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले की ही कलत नाही आणि मालनच्या डोक्यावरचं ओझं तर उतरलं. यात खोटं काही नव्हतं, म्हणून मी तेवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

पहिल्या दिवशी मी उकिरड्याशी बसून कान लावला. चांगुणा दांडी धरून पुढं, मालन मागून ढकलायला. गाडी निघाली आणि मला दिसलं की माझा हिशेब कुठं चुकला. पाटी उचलताना दोघी समोरासमोर असायच्या. गाडीला एकीची पाठ दुसरीकडं, आणि दुसरीचं तोंड खाली फळ्यांकडं. बोलायची गरजच नाही. दुपार व्हायच्या आत मालननं फळीवर थापा मारायला सुरुवात केली. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. चांगुणाही पुढून दांडीवर तशीच वाजवू लागली. बैलालासुद्धा माणूस तोंडानं हाक मारतो. इथं तेवढंही उरलं नाही. दिवसभर नुसत्या थापा आणि आसाची कुरकुर.

शिवाय रंगनाथ म्हणाला होता तेच झालं. वाटेत गाडी मावत नव्हती. एक चाक वाटेवर आणि दुसरं आळ्याच्या कडेवर चढायचं, आणि कड ढासळायची. ते चाक वर काढायला मालनला खांदा लावून रेटावं लागे. मान वाकडी, दात आवळलेले. संध्याकाळी तिला कोणी हाक मारली तर ती नुसती मान वळवायची नाही, सगळं अंग वळवायची. सहादेव मला हळूच म्हणाला, डोक्यावरनं उतरलं पण मानेवर आहेच की.  मोडलेली आळी नीट करताना रंगनाथ फावडं जरा जोरानं मारायचा, ते मला इथवर ऐकू यायचं.

दोघींच्या जागा बदलून बघू, असं मी ठरवलं. मालननं पुढं ओढावं, चांगुणानं मागून रेटावं. ओढताना मान सरळ राहील, असा माझा विचार. मालननं मुकाट्यानं दांडी धरली. बोटांचं तिनं मला सांगितलेलं होतं, तरी त्या घटकेला ते माझ्या ध्यानात आलं नाही. माझं सगळं ध्यान त्या दोघी बोलतात का इकडंच.

काही खेपा बऱ्या गेल्या. बागेच्या मधून पाण्याची दांड जाते, तिच्यावर फरशी टाकलेली आहे आणि फरशीवर जायला थोडा चढ आहे. त्या चढावर मालनच्या हातातून दांडी निसटली. भरलेली गाडी मागं आली. चांगुणा बाजूला होईपर्यंत फळीची कड तिच्या नडगीवर बसली आणि ती आळ्यात पडली.

मी काठी टेकत पोचले तेव्हा रंगनाथ आणि सहादेव पलीकडून पळत येत होते. चांगुणा पाय धरून बसली होती, अंगावर खत पडलेलं. मालन चार पावलांवर उभी, उजवा हात डाव्या हातात घट्ट धरलेला. शेजारच्या मळ्यातली भागूबाई गवताचा भारा टाकून बांधावर येऊन उभी राहिली होती. म्हणजे ऐकायला परकं माणूसही होतं.  वर्षभरापूर्वी मालननं जो शब्द चार माणसांत टाकला होता तो आता परत येणार, असं मला वाटलं. आणि तो आला असता तर चांगुणाला कोणी बोल लावला नसता.

चांगुणानं मालनकडं पाहिलं.

"सोडली का सुटली?"

"सुटली," मालन कशीबशी म्हणाली. "बोटं धरत न्हाईत, बाई."

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"हिकडं ये."

मालन तिच्यापाशी बसली. चांगुणानं तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि एकेक बोट दाबत विचारत गेली, इथं कळतं का, इथं कळतं का. स्वतःच्या नडगीतून रक्त वाहत होतं, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. मग ती भागूबाईकडं वळून म्हणाली, "हातातनं निसटली गाडी. हुतं असं." भागूबाई बरं म्हणाली आणि भारा उचलायला सहादेवाचा हात मागून निघून गेली. गायीचं नाव कोणी काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

दिवस कलल्यावर चांगुणा अंगणात पाय लांब करून बसली होती. मी तिच्या नडगीवर हळद दाबत होते. मालन गोठ्यात होती. चांगुणानं मला विचारलं की दोनचाकी तुम्ही का आणली. मी म्हणाले, कलत नाही म्हणून.

"बाग तुमी लावली," ती म्हणाली. "वाट केवडी हाय ते तुमाला ठावं न्हाई व्हय? आमा दोगींना एका जागी जुपायला आनली तुमी ती."

मी हळद दाबत राहिले.

"आत्या, आमी बोलू न्हाईतर न बोलू. ते आमचं आमी बघू. तिच्या मानंवर नका टांगू ते."

 तिच्या आवाजात राग नव्हता. उन्हात वाळत घातलेलं काही आत घ्या म्हणावं, तशी ती बोलली. मी तिथंच बसून विचार करत राहिले. घर एकत्र राहावं असं वाटण्यात वाईट काही नाही. पण ते राहावं म्हणून मी काय काय पणाला लावायला निघाले होते? डॉक्टरनं हाताचं सांगितलेलं मला ठाऊक होतं आणि तरी तो हात मी दांडीला लावला. ज्या दोन शब्दांवर मी घराचं आढं तोललेलं मानत होते, ते त्या दोघी नाइलाजानं बोलत होत्या. ओझं डोक्यावर असलेलं माणूस काय वाटेल ते बोलेल. त्याला मी नातं समजत होते.

आणि तरीही भीती गेली नव्हती, हे सांगायला हवं. एकचाकी आणायची हे ठरलं तेव्हा मी मनातल्या मनात दोन चुली मांडूनही पाहिल्या. दुसरी कुठं बसेल, धूर कुठून जाईल, इथपर्यंत. मांडून झाल्यावर सहादेवाला सांगितलं की उद्या बैलगाडी जुंप.

दोनचाकी बैलगाडीच्या मागं बांधून आम्ही निघालो. मालनला डॉक्टरनं दुसऱ्या खेपेला बोलावलं होतं, राहुरीची एसटी गाठायची म्हणून ती बरोबर होती. चांगुणा लंगडत आली आणि गाडीत चढून बसली. मी म्हणाले, पाय दुखतोय तर राहा घरी. तर म्हणाली, मालनच्या बोटांना दांड्या धरवणार नाहीत, म्हणजे ढकलणार मी. मग बघून घेणारही मीच.

चांदभाईनं आम्हाला दुरूनच पाहिलं. त्यानं आधी गाडीचा पेटारा वाकून निरखला आणि खत चांगलं धुतलंय म्हणाला. त्याच्याकडं एकचाकी दोन तऱ्हेच्या होत्या. एकीला लोखंडी चाक, अरुंद, आणि परात खोल. दुसरीला रबरी टायरचं रुंद चाक आणि परात उथळ. मला खोल परातीची बरी वाटली, कारण तिच्यात जास्त मावेल. चांगुणानं चांदभाईला दोन्हींत भंगार भरायला लावलं. मग लुगड्याचा काचा कसून तिनं आधी लोखंडी चाकाची उचलली आणि थांब्यामागच्या मऊ मातीत नेली. चाक मातीत रुतलं. तिनं ती तिथंच ठेवली, परत आली आणि रबरी चाकाची नेली. ती मातीवरून तरंगत गेल्यासारखी गेली, गटाराच्या फळीवरूनही गेली.

एसटीची वाट बघणारी माणसं हा खेळ बघत होती. त्यातला एक फेटेवाला म्हणाला, बाई, आम्हालाही बसवा की, राहुरीपर्यंत सोडा.

"तुमाला बसवलं तर कलंल," चांगुणा न थांबता म्हणाली. "तोंडाकडनं जड दिसताय."

माणसं हसली. मालनही हसली, पदर तोंडाला लावून. हसता हसता ती चांगुणाच्या चालण्याकडं बघत होती, आणि बघता बघता तिचं हसू थांबलं.

"बाई, दांड्या खाली पडत्यात तुमाला," ती म्हणाली. "अशा वाकून चालला तर कंबर धरंल. आत्यांसारकी."

ती एकदम बोलून गेली. पाटी नव्हती, हात लावायचा नव्हता.  चांगुणानं गाडी टेकवली, सरळ उभी राहिली, पुन्हा दांड्या धरल्या आणि आपली पाठ किती वाकते ते हातानं चाचपून पाहिलं. मालनकडं तिनं पाहिलं नाही.

"चांदभाई," ती म्हणाली, "ती म्हनती तसं कर."

चांदभाईनं भट्टी फुलवली, दांड्या तापवल्या आणि वर वाकवल्या. मालन सांगत गेली, अजून थोड्या, आता पुरे. चांगुणा धरून बघत गेली. दोघींचं बोलणं चांदभाईच्या मार्फतच चाललं होतं. त्याची घाबरगुंडी उडाली होती. एकीचं ऐकावं का दुसरीचं, म्हणून तो मधेच माझ्याकडं बघायचा. मी राहुरीची एसटी आली का तेवढं बघत बसले.

त्यानंतरचे दिवस मालन माझ्याजवळ बसून डाव्या हातानं परात भरायची आणि चांगुणा एकटी बागेत घेऊन जायची. मला ज्या शांततेची भीती होती ती खरंच आली. चाक लांब जायचं, आवाज बारीक होत जायचा, आणि बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मी कान लावायचं सोडून दिलं. मालन परातीत खत कमी भरायची, कारण चांगुणाचा पाय अजून सुजलेला होता. चांगुणाला ते समजत होतं, ती परात बघून भुवया वर करायची आणि निघून जायची. एके दिवशी ती थांबली आणि म्हणाली की अशी अर्धी परात नेऊन पाटाच्या पाण्याआधी काम उरकायचं नाही. मालन म्हणाली की पाय बरा झाल्यावर भरीन. चांगुणा म्हणाली की पाय माझा आहे. मालन म्हणाली की भरणारी मी आहे. त्यांचं चांगलं जुंपलं. मी मधे पडले नाही.

पाणी सांगितल्या दिवशी सुटलं. दोनचाकीच्या भानगडीत गेलेले दिवस भरून निघाले नव्हते. ओढ्याकडची शेवटची ओळ खताविना राहिली. रंगनाथ दांडेतून पाणी फिरवत येत होता, सहादेव पुढची आळी उघडत होता, आणि चांगुणा शेवटली परात घेऊन पाण्याच्या पुढं पळत होती. मालन तिच्या मागोमाग गेली. मीही काठी टेकत गेले. ओढ्याकडच्या ओळीपर्यंत चाक पोचलं आणि ओल्या मातीत बसलं. चांगुणानं दोनदा रेटून पाहिलं. पाणी तिच्या पावलांवरून पुढच्या आळ्यात शिरलं.

"ऱ्हाऊ द्या, बाई," मालन म्हणाली. "चिखलात नका वढू. पुढल्या साली हितनंच सुरू करू."

चांगुणानं कपाळावरचा घाम पुसला आणि त्या बिनखताच्या राहिलेल्या झाडांकडं पाहिलं.

"करू," ती म्हणाली. "पर परात मी म्हनंन तेवडी भरायची."

"बघू," मालन म्हणाली.

मग तिनं चिखलात पाय रोवले, चाकामागची माती पायानं बाजूला सारली, आणि चांगुणानं गाडी मागं घेतली. वाट अरुंद होती, म्हणून मालन पुढं झाली. मी तिथंच उभी राहून पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचतं का ते बघत राहिले.